एकच पाय सुजला तर? रक्ताच्या गुठळ्या आणि एपीएस नावाचा आजार

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कुणी एसटीत असाल, कुणी अभ्यासिकेत, कुणी उसाला पाणी धरायला गेला असाल. इअरफोन नीट लावा, आजचा भाग जरा लक्ष देऊन ऐकायचा आहे.

माझी ओळख थोडक्यात करून देते. मी संगमनेरला एका लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, नळ्या मशीनमध्ये फिरवायच्या, रिपोर्ट तयार करायचे, हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही. त्यामुळे कुठली गोळी घ्या आणि कुठली सोडा, हे मी सांगणार नाही. कुठल्या खुणा दिसल्या की घरी बसायचं नाही, आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मात्र सांगू शकते.

लॅबच्या खिडकीवर मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "मॅडम, प्लेटलेट किती आल्या?" डेंग्यूनं आपल्या सगळ्यांना प्लेटलेट शिकवल्या. प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव होतो, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहोत, त्यात प्लेटलेट कमी असू शकतात, लॅबच्या नळीत रक्त गोठायला उशीरही लागतो, आणि तरी माणसाच्या अंगात मात्र नको तिथे गुठळ्या होतात. कागदावर दिसतं एक आणि शरीरात घडतं बरोबर उलटं.

आजाराचं नाव आहे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण एपीएस म्हणूया. याला ह्यूज सिंड्रोम असंही म्हणतात, कारण १९८३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि मेंदूचे त्रास यांची एकाच रक्तदोषाशी सांगड घातली. त्याआधी हे तीन वेगळे प्रश्न म्हणून तीन वेगळ्या डॉक्टरांकडे जात होते. खरं सांगायचं तर आपल्याकडे अजूनही तसेच जातात. पाय सुजला की हाडांच्या डॉक्टरकडे, डोकं दुखलं की चष्म्याच्या दुकानात, आणि गर्भ राहत नाही म्हटलं की देवऋष्याकडे.

नेमकं होतं काय?

शरीरात रोगजंतू शिरले की रक्तात अँटिबॉडी तयार होतात, म्हणजे आपले राखणदार. ऑटोइम्यून आजारात हे राखणदार घरच्याच माणसांवर धावून जातात. एपीएसमध्ये त्यांचं लक्ष्य असतात पेशींच्या आवरणावरच्या चरबीयुक्त पदार्थांना, म्हणजे फॉस्फोलिपिडला, चिकटणारी काही प्रथिनं. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन. अँटिबॉडी त्याला चिकटल्या की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आणि प्लेटलेट दोघंही चिथावले जातात. मग कुठलीही जखम नसताना रक्त गोठायला लागतं. प्लेटलेट कमी का होतात, तर त्यांच्यावरही हल्ला होतो आणि काही गुठळ्यांमध्ये खर्ची पडतात. म्हणून या आजारात प्लेटलेट कमी दिसल्या तरी गुठळीचा धोका टळला, असं समजायचं नाही.

हा आजार संसर्गाचा नाही. एकाच्या ताटात जेवल्यानं होत नाही, रक्ताच्या नात्यात लग्न केल्याची शिक्षा म्हणूनही होत नाही. काही जणांना तो लुपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराबरोबर होतो, पुष्कळांना एकटाच होतो. आणि तो तरुण माणसांना होतो, म्हणून हा भाग मी तुमच्यासाठी करतेय. गुठळी, लकवा हे म्हाताऱ्यांचे आजार आहेत असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि वेळ तिथेच जातो.

खुणा ओळखा

पहिली खूण पायात. एकच पाय सुजतो. बहुतेक वेळा पोटरी किंवा मांडी. दुखते, हाताला गरम लागते, त्वचा ताणल्यासारखी दिसते. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारणं बरीच असतात. पण एकच पाय सुजला आणि पडल्याचं, मुरगळल्याचं काही आठवत नसेल, तर "लचक भरली असेल" म्हणून गप्प बसू नका. आणि हात जोडून सांगते, तेल लावून चोळू नका. खोलवरच्या शिरेत गुठळी असेल आणि ती सुटली, तर वाहत थेट फुप्फुसात जाऊ शकते.

दुसरी खूण छातीत. अचानक धाप लागणं, खोल श्वास घेतला की छातीत टोचल्यासारखं दुखणं, ठोके जोरात पडणं, कधी खोकल्यातून रक्त येणं. पाय सुजलेला असताना हे झालं, तर मिनिटाचाही उशीर न करता १०८.

तिसरी खूण मेंदूची. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हातातला जोर जाणं, बोलणं बोबडं होणं, एका डोळ्यासमोर अचानक पडदा येणं. वय पंचवीस असो की पंचाहत्तर, हा लकवा आहे असंच समजून निघायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. "सकाळी बघू" म्हटलं की ती वेळ निघून जाते. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी दवाखान्यात जायचं, कारण ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

चौथी खूण कातडीवर. मांड्यांवर, पायांवर, हातांवर निळसर-जांभळी जाळी दिसते, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. आपल्या सावळ्या रंगावर ती जांभळी न दिसता तपकिरी, काळपट दिसते. थंडीत अशी जाळी कुणालाही दिसू शकते, पण ऊब मिळाल्यावरही ती जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. याला लिव्हेडो म्हणतात. ही एकटी खूण म्हणजे आजार नव्हे. बाकीच्या खुणांबरोबर असेल तर तिला वजन आहे.

आणि पाचवी खूण, जिच्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. वारंवार होणारे गर्भपात. दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन वेळा, किंवा दहा आठवड्यांनंतर एकदाही, आणि गर्भात काही व्यंग नव्हतं. किंवा बाळंतपणात रक्तदाब खूप वाढून चौतीस आठवड्यांच्या आतच बाळंत करावं लागलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

घोणस आणि लॅबची नळी

आता माझ्या कामाची गंमत सांगते. आपल्या जिल्ह्यात घोणस माहीत नाही असा शेतकरी सापडणार नाही. घोणस चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं की तिथे साध्या काचेच्या नळीत त्याचं थोडं रक्त घेतात आणि वीस मिनिटं ते न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करून बघतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. घोणशीचं विष शरीरातली रक्त गोठवणारी द्रव्यं इतक्या झपाट्यानं वापरून टाकतं, की गोठायला पुढे काही शिल्लकच राहत नाही.

याच घोणशीच्या विषाचा अगदी पातळ केलेला अंश एपीएसच्या तपासणीत वापरतात. टेस्टचं नाव आहे डायल्यूट रसेल्स व्हायपर व्हेनम टाइम. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात हे विष आणि थोडं फॉस्फोलिपिड टाकलं की ठरलेल्या सेकंदांत गुठळी होते. एपीएस असलेल्याच्या प्लाझ्मात अँटिबॉडी ते फॉस्फोलिपिड अडवून बसतात, म्हणून उशीर लागतो. मग त्यात फॉस्फोलिपिड भरपूर वाढवतात. ते अँटिबॉडीला पुरून उरतं आणि वेळ पुन्हा जागेवर येते. मग लक्षात येतं की दोष अँटिबॉडीचाच.

या अँटिबॉडीला लुपस अँटिकोॲग्युलंट म्हणतात, म्हणजे रक्त गोठू न देणारी. १९५२ साली अमेरिकेत कॉनली आणि हार्टमन या डॉक्टरांनी लुपसच्या रुग्णांमध्ये हा प्रकार नोंदवला, तेव्हा तो रक्तस्रावाचा दोषच वाटला होता. नळीत गोठायला उशीर आणि शरीरात गुठळ्या, हे कोडं पुढच्या वर्षांत उलगडत गेलं. नाव मात्र तेच राहिलं. त्यामुळे रिपोर्टवर हे नाव वाचून "म्हणजे माझं रक्त आधीच पातळ आहे" असा अर्थ काढू नका. अर्थ जवळजवळ उलटा आहे.

एपीएससाठी एकूण तीन तपासण्या असतात. लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर गुठळीचा धोका जास्त. पण एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झाला, असं नाही. साध्या तापानंतर, एखाद्या जंतुसंसर्गानंतर या अँटिबॉडी काही दिवस रक्तात येतात आणि निघून जातात. काही निरोगी माणसांच्या रक्तातही त्या सापडतात आणि आयुष्यभर त्यांना काही होत नाही. म्हणून किमान बारा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करतात. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली, आणि गुठळीचा किंवा गर्भपाताचा इतिहास असेल, तर एपीएस म्हणायचं. आमच्याकडे पहिला रिपोर्ट घेऊन गेलेले पुष्कळ जण दुसऱ्यांदा येतच नाहीत. कुणी घाबरून येत नाही, कुणी बरं वाटलं म्हणून येत नाही. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, अलार्म लावा.

अजून एक. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर ते रक्त काढणाऱ्याला आधी सांगा. औषधानं लुपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल बिघडतो. आणि निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आम्ही पुन्हा टोचतो, तेव्हा रागावू नका. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग औषध असं माप असतं. माप चुकलं की आकडा चुकतो.

व्हीडीआरएलचा घोळ

आता जरा नाजूक विषय. गरोदर बाईच्या पहिल्या तपासण्यांमध्ये सिफिलिस, म्हणजे ज्याला जुनी माणसं गरमी म्हणतात, त्याचीही तपासणी असते. पुष्कळ ठिकाणी ती व्हीडीआरएल पद्धतीनं होते. या टेस्टच्या द्रावणात कार्डिओलिपिन नावाचं फॉस्फोलिपिड असतं. १९४१ साली मेरी पँगबॉर्न या शास्त्रज्ञ बाईंनी ते बैलाच्या हृदयापासून वेगळं काढलं होतं. आता विचार करा, एपीएसमधल्या अँटिबॉडी कशाला चिकटतात? फॉस्फोलिपिडच्याच कुटुंबाला. म्हणजे सिफिलिस नसतानाही एपीएस असलेल्या बाईची व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

लॅबच्या दृष्टीनं हा एक तांत्रिक मुद्दा आहे. घरात मात्र त्यावरून आग लागते. नवरा बायकोकडे संशयानं बघतो, सासू माहेरच्यांना फोन लावते. त्या मुलीनं काहीही केलेलं नसतं. म्हणून लक्षात ठेवा, व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर टीपीएचए नावाची खात्रीची तपासणी करायची असते. ती निगेटिव्ह आली, आणि त्या बाईला आधी गर्भपात झालेले असतील, तर डॉक्टरांना विचारा, "एपीएस बघायचं का?" जो रिपोर्ट संसार मोडायला निघाला होता, तोच खऱ्या आजाराचा माग दाखवू शकतो.

माझी मावसबहीण

हे मी तिला विचारून सांगतेय. गावाचं नाव सांगत नाही, पाथर्डी तालुक्यातलं आहे एवढंच. लग्नानंतर पहिल्यांदा दिवस गेले आणि दुसऱ्या महिन्यात पडले. सगळे म्हणाले, पहिलटकरणीचं होतं असं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळेला पाचव्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले. मग घरात वेगळं बोलणं सुरू झालं. पांढऱ्या पायाची आहे, हिला बाधा आहे, दुसरी बघा. अंगारे झाले, नारळ झाले, एक दोरा तर अजून तिच्या दंडावर आहे. ती म्हणते, "ताई, मला गर्भ गेल्याचं दुःख करायलाही कुणी वेळ दिला नाही. लगेच मलाच उभं केलं सगळ्यांपुढे."

पुढे एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी तिन्ही वेळचे कागद एकत्र ठेवून वाचले आणि एपीएसच्या तपासण्या लिहून दिल्या. बारा आठवड्यांनी पुन्हा केल्या. दोन्ही वेळा पॉझिटिव्ह. त्या डॉक्टर बाई तिच्या सासूला म्हणाल्या, "आजी, हिच्या रक्तात गुठळ्या होतात. त्या वारेत झाल्या की बाळापर्यंत रक्त पोचत नाही. यात हिचा काही दोष नाही."

वारेतला बिघाड फक्त गुठळ्यांमुळेच होतो असं नाही, या अँटिबॉडी वार नीट रुजूही देत नाहीत. पण सासूला समजायला तेवढं पुरलं.

चौथ्या वेळी तिला लहान मात्रेत ॲस्पिरिन आणि रोज एक हेपरिनचं इंजेक्शन सुरू झालं. हेपरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, म्हणून गरोदरपणात ते चालतं. इंजेक्शन पोटाच्या कातडीत घ्यायचं असतं. दोन दिवस नर्सनं दिलं, तिसऱ्या दिवसापासून ती स्वतः घेऊ लागली. पोटभर काळे-निळे डाग पडले. इंजेक्शनं स्वस्त नव्हती, त्यासाठी एक शेळी विकली. मुलगी झाली. सव्वादोन किलोची, पण धडधाकट.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज एवढं बोलले नसते. बाळंतपणानंतरही सहा आठवडे इंजेक्शन घ्यायचं सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात घरच्यांनी ते बंद केलं. बाळ झालं ना, आता कशाला पैसे घालवायचे? आणि आपल्याकडे बाळंतिणीनं सव्वा महिना खाट सोडायची नाही. इंजेक्शन बंद, हालचाल बंद. डावी मांडी सुजली. बाळंतिणीला होतं असं म्हणून तेल लावून चोळलं. तिच्या भावानं पाय बघितला, फोटो काढून मला पाठवला, आणि त्याच रात्री गाडी करून तिला नगरला हलवलं. डॉपलर सोनोग्राफीत मांडीच्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. वाचली. आता तिला रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर आहे. पोरगी अंगणवाडीत जाते.

तिची परवानगी मागितली तेव्हा म्हणाली, "सांग. पण बाळ झाल्यावर आजार जात नाही, हे नक्की सांग." तर सांगितलं.

उपचाराला खरंच अर्थ आहे का?

आहे. १९९७ साली लंडनमध्ये वारंवार गर्भपात झालेल्या आणि या अँटिबॉडी असलेल्या नव्वद महिलांवर अभ्यास झाला. पंचेचाळीस जणींना नुसतं ॲस्पिरिन दिलं, त्यांच्यातल्या १९ जणींना जिवंत बाळ झालं. बाकीच्या पंचेचाळीस जणींना ॲस्पिरिनबरोबर हेपरिन दिलं, त्यांच्यातल्या ३२ जणींना. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत आकडे इतके ठळक आले नाहीत, पण आजही या दोन औषधांची जोडी हाच नेहमीचा उपचार आहे. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं की वारंवार गर्भपात झालेल्या शंभर महिलांमध्ये साधारण पंधरा जणींत या अँटिबॉडी सापडतात. म्हणजे प्रत्येक गर्भपाताचं कारण एपीएस नाही. पण जिथे आहे, तिथे उपाय आहे.

आपल्याकडेही यावर काम झालंय. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. भारतीय महिलांमधल्या कारण न सापडलेल्या गर्भपातांचा आणि रक्तातल्या गुठळ्यांच्या प्रवृत्तीचा तिथल्या संशोधकांनी अभ्यास केला, त्याचा लेख २००८ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात आला. त्यामुळे हे सगळं परदेशातलं फॅड आहे, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

धोका कशानं वाढतो?

अँटिबॉडी रक्तात असल्या तरी गुठळी व्हायला बहुतेक वेळा काहीतरी निमित्त लागतं. ती निमित्तं आपल्या रोजच्या जगण्यात आहेत.

तासन् तास एका जागी बसणं. एमपीएससीचा अभ्यास करणारे मित्र-मैत्रिणी अभ्यासिकेत दहा-दहा तास बसतात, नगरहून मुंबईच्या बसमध्ये आपण पाय दुमडून बसतो. दर तासाला उठा, चार पावलं चाला, बसल्या जागी तरी पावलं वर-खाली करा. पाणी प्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका लघवीला जायला जागा नसते म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. शरीर कोरडं पडलं की गुठळ्यांना वावच मिळतो.

ऑपरेशन, प्लास्टर, लांबलेलं अंथरूण. यापैकी काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की एपीएस आहे. बाळंतिणीला विश्रांती हवीच, पण घरातल्या घरात चालणंही हवं.

सिगारेट आणि बिडी. यावर वेगळं बोलायची गरज नाही.

आणि मुलींनो, गोळ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, सरकारी दवाखान्यात मिळणारी माला-एन धरून, एपीएस असलेल्यांनी घ्यायच्या नसतात. पर्याय आहेत, त्यासाठी डॉक्टरांशी बोला. तसंच पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं. नवरात्रात मोहटादेवीला जायचंय, घरात लग्न आहे, सत्यनारायण आहे, की मेडिकलमध्ये जाऊन "त्या गोळ्या द्या" म्हणायचं. त्याही हार्मोनच्याच गोळ्या आहेत. तुम्हाला किंवा घरात कुणाला कमी वयात गुठळी झालेली असेल, तर विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. देवी पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

"ही तर उंदराची गोळी!"

एकदा गुठळी झालेल्या एपीएसच्या रुग्णाला बहुतेक वेळा वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारं ॲसेनोकुमेरॉल देतात. आणि मग व्हॉट्सॲपवर मेसेज येतो की हे उंदीर मारायचं औषध आहे. यात थोडं खरं आहे, म्हणून नीट सांगते.

१९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी आलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायला लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या चाऱ्यातलं रक्त न गोठू देणारं द्रव्य शोधलं. त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ साली ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झालं. मात्रा प्रचंड दिली की मारतं, मोजून दिली की गुठळी रोखतं. मीठसुद्धा चिमूटभर आणि किलोभर यात फरक असतोच की.

मोजायचं कसं, तर पीटी-आयएनआर तपासणीनं. औषध नसलेल्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण एक असतो. एपीएसमध्ये बहुतेक रुग्णांना तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायला सांगतात. कमी झाला तर गुठळीची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची. म्हणून ठरलेल्या दिवशी रक्त द्यायचं, चुकवायचं नाही.

पालेभाज्या बंद करायच्या का? नाही. मेथी, पालक, शेपू यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण बंद करण्यापेक्षा रोजचं प्रमाण सारखं ठेवा. महिनाभर भाजी नाही आणि मग चार दिवस नुसती मेथीच, असं नको. दुखण्यावरची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. काही अँटिबायोटिकनंसुद्धा आयएनआर एकदम वाढतो. गावठी औषध, काढा, काहीही घ्यायचं असेल तर आधी विचारा. कंबरेत इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर गोळी चालू असल्याचं आधी सांगा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, डोक्याला मार, यापैकी काही झालं तर लगेच दवाखाना. आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तिमाहीत, बाळाला धोक्याच्या असतात. तेव्हा हेपरिनवर बदलतात.

"रक्त तपासायची कटकट नसलेली नवी गोळी मिळते म्हणे," असंही विचारतात. बाकी गुठळ्यांच्या आजारात नव्या गोळ्या उत्तम चालतात. पण इटलीत एपीएसच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला. रिव्हारोक्सॅबान घेणाऱ्या ५९ जणांपैकी सात जणांना लकवा किंवा हार्टॲटॅक आला, वॉरफरिन घेणाऱ्या ६१ जणांपैकी एकालाही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तेव्हा शेजाऱ्याची गोळी बघून आपली बदलायची नाही. स्वतःहून बंद तर अजिबात करायची नाही. गोळी अचानक थांबवल्यावर एकाच वेळी अनेक अवयवांत गुठळ्या होण्याचा प्रकार क्वचित घडतो, पण घडला की जिवावर बेततो.

मग करायचं काय?

एक पाय सुजला, अचानक धाप लागली, तोंड वाकडं झालं, तर १०८ ला फोन, आणि पोचल्यावर विचारायचं, "गुठळी तर नाही ना?" कमी वयात गुठळी निघाली किंवा गर्भपात पुन्हा पुन्हा झाले, तर विचारायचं, "एपीएसची तपासणी करायची का?" पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा. नगरचं जिल्हा रुग्णालय, लोणीचं प्रवरा रुग्णालय, विळद घाटातलं रुग्णालय, पुढे पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम, यांपैकी जे जवळ पडेल तिथे जा. आपला जिल्हा चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. अकोल्यातून नगरला यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, म्हणून सगळे जुने कागद एका पिशवीत घालूनच निघा. मोबाइलमध्ये त्यांचे फोटोही ठेवा. माझ्या मावसबहिणीचा आजार त्या कागदांमुळेच सापडला होता.

आणि तुमच्या घरात, भावकीत अशी कुणी वहिनी असेल, जिला तीन-तीन वेळा हे सोसावं लागलंय आणि वर ऐकूनही घ्यावं लागतंय, तर हा भाग तिला पाठवण्याआधी तिच्या नवऱ्याला पाठवा. तपासणीला घेऊन जायचं काम त्याचंही आहे.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. पुढच्या भागात प्लेटलेटवरच बोलणार आहे, डेंग्यू सोडून त्या आणखी कशाकशानं कमी होतात ते. तोपर्यंत पाणी पीत राहा, आणि बराच वेळ बसून ऐकत असाल तर आता उठून जरा चाला. भेटूया.